पंचविसावी नळी

"निकाल आधी मालकाला वाचून दाखवायचा. जागेवर, त्याच्यासमोर बसून. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. एक ओळ गाळायची नाही आणि त्याच्याआधी वर कुणाला पाठवायचा नाही. रान त्याचं असतं, आपलं फक्त यंत्र."

आरोलकर बाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. पण यंत्राची पेटी खांद्याला लावली, की त्यांचा तो खर्जातला सावकाश आवाज केतकी सडोलीकरच्या कानात सुरू होई. बाईंनीच तिला हे काम शिकवलं होतं. एके काळी कंपन्यांनी लोकांच्या रानातली माती गुपचूप वाचून नेली, औषधी झाडांची माहिती परस्पर विकली. त्यावर मोर्चे निघाले, डोकी फुटली आणि शेवटी कायदा झाला: माती जे सांगेल ते पहिल्यांदा मालकानं ऐकायचं. त्या मोर्चात बाईंचंही डोकं फुटलं होतं. त्यामुळे हा नियम त्यांच्यासाठी सरकारी कलम नव्हता, नेम होता. तो त्यांच्याकडून केतकीला लागला.

त्या सोमवारी ती निंबरवाडीच्या वरच्या रानात पोचली तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं ते रक्त.

वाटेपासून दहा पावलांवर एक रानडुक्कर तारेच्या फासकीत अडकलं होतं. सुटायच्या धडपडीत मागचा पाय हाडापर्यंत कापला गेला होता आणि त्याचं ओरडणं आता नुसतं घरघरीवर आलं होतं. शेजारी गणोजी देसाई उभे होते. गाव त्यांना अप्पा म्हणे. साठीचा सडसडीत माणूस, डोक्याला पंचा, हातात कोयता.

"बाई, जरा तिकडं तोंड करा," ते म्हणाले.

केतकीनं तोंड वळवलं नाही. जागेचा धोका नोंदवणं हे तिचं कामच होतं. अप्पांनी डुकराच्या मानेवर गुडघा टेकला, कोयता दोनदा चालवला आणि घरघर थांबली. तिसऱ्या घावाची गरज पडली नाही. पाल्यानं पातं पुसत ते म्हणाले, "शेजारच्या वाडीतली लावत्यात फासक्या. उद्या हितं ल्हान मुलं यायची खेळायला. लिवा तुमच्या कागदात, सगळ्या फासक्या निघाल्या पायजेत. मी काढतो."

तिनं लिहिलं. 'मालकाचा हात कमालीचा स्थिर' असंही मनात आलं, पण त्यासाठी कागदावर रकाना नव्हता.

शेहेचाळीस एकरांचं ते रान अप्पा जिल्ह्याला देऊन टाकायला निघाले होते. सगळ्यांना येता-जाता यावं, पोरांना झोके असावेत, म्हाताऱ्यांना बसायला बाक. लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली वहिनी, दोघंच. "माझ्यामागं कोन हाय? लोकांची पोरं हिंडूद्यात," एवढंच ते म्हणत. जागा त्या लायकीची आहे का, हे पाहून शंभरापैकी गुण द्यायला जिल्ह्याच्या वनविहार कक्षानं केतकीला पाठवलं होतं. चढ-उतार, सावली, झरा, निसरड्या जागा हे ती डोळ्यांनी पाहणार होती. रानात जीव किती आणि कोणकोणते, हे मात्र माती सांगणार होती.

हे मातीचं सांगणं म्हणजे जादू नव्हे. जगणारा प्रत्येक जीव मागे काहीतरी टाकत असतो. पाखराची शीट, सापाची कात, गव्याची लाळ, माणसाच्या कातडीचा कोंडा. त्या प्रत्येक कणात त्या जीवाचा डीएनए असतो आणि चिकणमाती तो धरून ठेवते. वर्षं जातात तसे त्याचे तुकडे होत जातात. तुकडे जितके बारीक, तितका कण जुना. पूर्वी हे वाचायला मोठी प्रयोगशाळा आणि दोन-तीन महिने लागत. आता जेवणाच्या डब्याएवढी पेटी होती. ठिकठिकाणची माती नळ्यांत भरून थाळीत लावली, की दोन तासांत यादी यायची: इथे कोण राहतं, कोण येऊन गेलं, साधारण केव्हा.

अडचण माणसाची होती. तो जाईल तिथे कोंडा सांडतो. म्हणून रानात रोज वावरणाऱ्यांची लाळ आधी घ्यायची आणि यंत्राला त्यांची ओळख करून द्यायची. मग त्यांच्या खुणा निकालातून वजा होत. या यादीला कचेरीत 'वजा यादी' म्हणत.

दोघं आधी अप्पांच्या घरी गेली. तिथे केतकीनं कापसाची काडी पुढे केली तेव्हा अप्पांनी विचारलं, "म्हंजे आमच्या घरचं रगत त्ये यंत्र मोजत न्हाई?"

"नाही मोजत अप्पा. तुमचं वजा होतं."

"नक्की?"

"नक्की."

अप्पांचा चेहरा सैलावला. काडी गालात फिरवून त्यांनी परत दिली. "तंबाकूचं बी वजा करा म्हनावं त्याला."

केतकी हसली. अप्पांच्या पहिल्या प्रश्नात हसण्यासारखं काही नव्हतं, हे तिला त्या वेळी कसं कळणार?

नळ्या भरता भरता दुपार चढली. चोविसावी भरून ती वरच्या सपाटीवर आली, तर तिथे कमरेएवढा दगडांचा ढीग. त्यावर हिरव्या डहाळ्या, त्यांच्याखाली वाळलेल्या, त्यांच्याखाली कुजून काळ्या झालेल्या. एक बाई खाली बसून दगड पदरानं पुसत होती. पासष्ट-सहासष्ट वय, कपाळावर ठसठशीत कुंकू, मनगटात हिरवा चुडा. ही अप्पांची वहिनी, तुळसाक्का. सकाळी घरी तिचीही लाळ घेतली होती.

"डहाळी घाल बाय," ती म्हणाली. "पालोबाला डहाळी घातल्याबिगर फुडं जात न्हाईत."

केतकीनं जांभळीची डहाळी मोडून ठेवली. हात जोडले. चपला काढायला मात्र विसरली होती, ते लक्षात येऊन ती ओशाळली.

"असूदे. द्येव काय चपला बगत बसत न्हाई," तुळसाक्का म्हणाली आणि सांगू लागली. एकतीस वर्षांमागे भावजींच्या सपनात देव आला. म्हणाला, मी सपाटीवर हाय, माझ्यावर दगड रचा, हिरवं घाला, मला उकरू नका. गावानं ऐकलं. आता वाटेनं जाणारा-येणारा डहाळी घालतो. तुळसाक्काचा तर नेमच होता: डहाळी घातल्याशिवाय तोंडात घास नाही. तापात फणफणली होती तेव्हा भावजींनी पाठीवर घेऊन वर आणलं होतं, पण नेम मोडू दिला नाही.

"मागणं काय आहे तुमचं?" केतकीनं विचारलं.

"आमचं मालक. दौलत त्यांचं नाव. त्याच साली लाकडाच्या ठेकेदाराकडं जातो म्हनून गेलं, ते आलं न्हाईत. कोन म्हनतं गोव्यात बगितलं, कोन म्हनतं दुसरं घर केलं." तिनं चुडा वर सारला. "मी परत आन म्हनत न्हाई आता. हायेत का न्हाईत, येवढंच सांग म्हनते. म्हंजे ह्यो चुडा घालायचा का फोडायचा, त्ये तरी कळंल."

ढिगाच्या बुडाशी घुशीनं बीळ केलं होतं आणि खोलवरची मऊ, काळी माती तोंडाशी आणून टाकली होती. तुळसाक्कानं त्यातली चिमूट केतकीच्या कपाळाला लावली. उरलेली तिच्या तळहातावर दिली. "अंगारा हाय. द्येवच वर आनून देतो. घरी न्हे."

देवाचं असं मिळालेलं टाकवत नाही. बांधायला कागद नव्हता. केतकीनं एक रिकामी नळी काढली, अंगारा त्यात घातला, झाकण लावलं आणि नळी पिशवीत ठेवली.

चूक झाली ती एवढीच. थाळी भरताना ती अप्पांशी बोलत होती. झोके कुठल्या झाडांना बांधायचे यावर त्यांचं ठाम मत होतं. आणि बोटं वर्षानुवर्षांच्या सवयीनं पिशवीतल्या भरलेल्या नळ्या एकेक करून लावत गेली.

दोन तासांनी यंत्र वाजलं. निकाल सपाटीवरच वाचावा, असा तुळसाक्काचा आग्रह. द्येवालाबी ऐकूदे म्हणाली. तिघं जांभळीच्या सावलीला बसले. अप्पांनी झोक्यासाठी बांबू तासायला घेतला होता.

"अठ्ठ्याऐंशी," केतकी म्हणाली. "आमच्या जिल्ह्यात आजवर एवढे कुणाला नाहीत."

अप्पांनी मान खाली घातली. डोळे भरून आले होते ते दिसू नयेत म्हणून असेल.

मग ती एकेक नळी वाचू लागली. शेकरू. "मेला, माझ्या फनसाचा वैरी," तुळसाक्का म्हणाली. खवल्या मांजर. गवा, चार वेगवेगळे. धनेश. भेकर. एका नळीत बिबट्याची मादी, गेल्याच वर्षीची. "लोकास्नी सांगू नगा, येयाची न्हाईत," अप्पा म्हणाले आणि तिघंही हसले.

"चोवीस," केतकीनं वाचलं. "मुंगूस, साळिंदर, आंबा, किंजळ."

पडद्यावर अजून एक ओळ होती.

पंचवीस हा आकडा पाहून तिला आधी वाटलं, यंत्र चुकलं. मग पिशवी आठवली आणि अंगारा. मग तिनं ओळ वाचली, मनातल्या मनात, आणि पुन्हा एकदा वाचली.

पेटीचं झाकण तिला लावता आलं असतं. ही नळी कामाची नव्हती, गुणांत धरायची नव्हती. झाकण लावलं की रान लोकांचं झालं असतं, झोके लागले असते. ही बाई उद्या पुन्हा डहाळी घेऊन आली असती आणि परवाही. हायेत का न्हाईत, येवढंच सांग. एकतीस वर्षं ती जे विचारत होती त्याचं उत्तर केतकीच्या मांडीवर होतं.

"थांबलीस का गं?" तुळसाक्कानं विचारलं. "द्येवाचं काय लिवलंय?"

बांबू तासण्याचा आवाज बंद झाला होता.

केतकीनं वाचलं. हळू, पण सगळं. "नळी पंचवीस. माणूस. पुरुष. कातडीचा कोंडा नव्हे, रक्त आणि हाड. प्रमाण खूप जास्त. काळ, अठ्ठावीस ते तेहेतीस वर्षांपूर्वीचा. नातं: वजा यादीतल्या पहिल्या माणसाचा सख्खा भाऊ."

पहिला माणूस म्हणजे कोण, हे सांगावं लागलं नाही. सकाळी घरात काडी आधी कुणी तोंडात घातली ते तुळसाक्कानं पाहिलं होतं.

"ह्यास्नी एकच भाऊ," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

अप्पा उठले. "तू म्हनालीस आमच्या घरचं रगत मोजत न्हाई."

"तुमचं मोजलं नाही अप्पा. त्यांचं मोजलं. भावाचं वेगळं असतं."

"एका आईचं हाय त्ये."

"एका आईचं असलं, तरी दोन."

हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी घर म्हणजे एकच रक्त. स्वतःची लाळ दिली म्हणजे घर पुसलं गेलं, अशा भरवशावर त्यांनी सबंध रान तिच्यापुढे उघडं केलं होतं.

पहिला घाव यंत्रावर पडला. पेटी दुभंगली, काचा उडाल्या, नळ्या दगडांवर फुटल्या. दुसऱ्यासाठी कोयता वर गेला तेव्हा केतकीनं डावा हात आडवा घातला. पातं कोपराखाली उतरलं आणि हाडाला लागून थांबलं. आपल्याच हाडाचा तो आवाज तिला दुखण्याआधी ऐकू आला. ती उठून पळाली, तीन पावलं गेली आणि ढिगावर आपटली. अप्पांनी वेणी धरून तिचं डोकं मागे ओढलं.

"वर पाठवलंस? सांग. पाठवलंस?"

खोटं बोलली असती तर त्यांचा हात थांबला असता. जगाला कळलंय म्हटल्यावर दोन बायकांना मारून काय उपयोग? पण तिच्या तोंडून खरंच निघालं. "नाही. आधी मालकाला..."

मग अप्पांचा चेहरा सकाळसारखा झाला, डुकराच्या मानेवर गुडघा टेकताना होता तसा शांत. त्यांनी तिच्या पाठीत गुडघा रोवला. तिनं अंग पिळवटलं. घाव मानेवर बसायचा तो खांद्यात बसला, दुसरा चुकून दगडावर खणकला. रक्त हिरव्या डहाळ्यांवर उडालं. त्यांनी पुन्हा कोयता उचलला.

तो खाली आला नाही. तुळसाक्कानं ढिगावरचा, रोज पदरानं पुसलेला दगड दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या कानशिलावर घातला होता. अप्पा गुडघ्यांवर आले. वळून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, "वैनी" म्हणाले, आणि तिनं तोच दगड पुन्हा घातला. दुसऱ्या घावाला तिचा अर्धा चुडा फुटला आणि काचा मनगटात शिरल्या. तिसऱ्यांदा दगड वर गेला. मग तिनं तो हळूच बाजूला ठेवला.

केतकीनं ओढणी दातांनी ओढून दंडाला बांधली. मनगटावरचा संकटाचा खटका दाबला. उडती रुग्णवाहिका अर्ध्या तासात पोचेल असं उत्तर आलं, पोलीस तिच्यामागोमाग. तुळसाक्कानं पदर फाडून तिचा खांदा करकचून बांधला.

अप्पा पाठीवर पडले होते. कवटी एका बाजूनं दबली होती, एका डोळ्यात रक्त साचलं होतं, दुसरा जांभळीच्या शेंड्याकडे लागला होता. जिवंत होते. ओठ हलले.

"वैनी. पानी."

आणि तो शब्द स्वतःच्याच तोंडून ऐकून ते थबकले.

"त्यानं बी पानी मागितलं हुतं," ते म्हणाले.

तुळसाक्का जवळ जाऊन बसली. "सांगा."

"त्यानं ठेकेदाराला कागद करून दिला हुता. बेस्तरवारी करवती येनार हुत्या. सगळं रान आडवं. मी पाया पडलो त्याच्या, हितंच. म्हनला, बाजूला हो गणू, झाडं काय तुझी पोरं हायेत? हातात कोयता हुताच." श्वास घ्यायला ते थांबले. "करवती आल्या असत्या तर ह्यातलं एक झाड नसतं, वैनी. आठ्ठ्याऐंशी कुटनं आलं असतं?"

"फुडं सांगा."

"एका घावात मेला न्हाई. मान निम्मी तुटली, तरी डोळं उघडं. पानी दे म्हनला. मी म्हनलं, आनतो. खाली झऱ्यावर गेलो. वंजळ भरली बी. मग वाटलं, प्याला तर जगंल. जगला तर सांगंल. वंजळ सोडून दिली आनि खोपीतनं कुदळ घिऊन आलो." रक्ताळलेला डोळा मिटला. "त्यो वाटंकडं बगत हुता. माझ्या हाताकडं बगितलं. मग काय बोलला न्हाई. मी माती लोटली तवा बी श्वास चालू हुता."

रानात कुठेतरी धनेश ओरडला. खाली फासकीपाशी मेलेल्या डुकरावर कावळे जमले होते, त्यांचा गलका वरपर्यंत येत होता. केतकीला वाटलं, ही बाई आता तो दगड पुन्हा उचलणार. तिनं उचललाच तर आपण काही बोलायचं नाही, हेही तिनं ठरवून टाकलं. आणि ठरवल्यावर स्वतःचीच भीती वाटली.

तुळसाक्कानं मनगटात रुतलेल्या काचा एकेक करून काढल्या. उरलेल्या बांगड्या दगडावर टेकवून फोडल्या, जोर न लावता, रोजचं काम केल्यासारख्या. कपाळाचं कुंकू तळहातानं पुसलं. मग ती उठली. केतकीची पिशवी कोयत्यानं फाटून पडली होती, तिच्यातून घरंगळलेली स्टीलची बाटली तिनं उचलली. कानाशी नेऊन हलवून पाहिली. रिकामी होती.

"आनतो म्हनला हुता तुमी," ती म्हणाली. "मी आनते."

"वैनी..." अप्पांच्या तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला.

"आदी त्यास्नी," तुळसाक्का म्हणाली. एकतीस वर्षांत तिनं दिराला कधी एकेरी हाक मारली नव्हती. "मग तुला."

बाटली पदराखाली धरून, अनवाणी, ती झऱ्याच्या वाटेनं उतरू लागली.